तिसरी सही

ताई,

हे पत्र तुझ्या हाती द्यायचं धाडस मला होणार नाही, हे लिहितानाच कळतंय.

छकुली जुलाबांनी गेली, तेव्हापासून तू एकच म्हणतेस, ‘तू पाणी तपासायच्या कामावर, आणि आपल्यालाच कळू नये गं.’ मी मान खाली घालते. तुला वाटतं, दुःखाने.

मला कळलं होतं. तुमच्या गल्लीचं पाणी मीच तपासलं. त्यात गटार मिसळलं होतं. पण आमच्याकडे पाणी बंद करायला तीन खात्यांच्या सह्या लागतात, आणि त्या होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नसतं. पाणीवाले म्हणाले, गटार फुटलंय, ते त्यांनी बघावं. गटारवाले म्हणाले, पाइप सडलाय, तो यांचा. आरोग्यवाले म्हणाले, आधी तुमचं दोघांचं ठरू द्या. अकरा दिवस कागद टोलवला. तिसरी सही झाली ती छकुलीला पोहोचवून आलो त्या दुपारी.

चौकशीत तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. माझ्याकडे कुणीच नाही. मी नियमाने वागले होते ना.

त्या अकरा दिवसांत मी एकदा तुझ्याकडे आले होते. तू पाण्याचा पेला पुढे केलास. मी म्हटलं, ‘नको गं, आत्ताच चहा झालाय,’ आणि तो बाजूला सरकवला.

‘मावशी, मी पिऊ?’ छकुलीने विचारलं.

तिला मी नको म्हटलं नाही.

तुझीच,
धाकटी