काठावरची ताई

प्रिय मासोळी,

या नावानं हाक मारली की हल्ली तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवता येतं म्हणा, पण निदान मला ते कळणार नाही. तर बाई, नीट बसून वाच. तुझ्या सेहेचाळीस वर्षांच्या ताईनं परवाच्या रविवारी ट्रायथलॉन पुरी केली. आधी तळ्यात चारशे मीटर पोहणं, लगेच दहा किलोमीटर सायकल आणि त्यावर अडीच किलोमीटर धावणं. झालं हसून? हो, मीच ती. ताई आंघोळीच्या बादलीचीसुद्धा खोली मोजून घेते, असं तू साऱ्या मैत्रिणींना सांगत फिरायचीस ना, तीच मी.

वेळ कुठून काढला म्हणशील. काढला कसला, चोरला! आम्हा नर्सना साडेसातला ऑपरेशन थिएटरमध्ये हजर राहावं लागतं, तुला ठाऊकच आहे. म्हणून सहाला पोहण्याचा तलाव उघडला की मी दारात. हॉस्पिटलला सायकलनं जायला लागले. मोठे डॉक्टर मास्कमधूनही हुंगतात आणि आज क्लोरीन जास्त पडलंय वाटतं, म्हणतात. धाकट्याचा पेटीचा क्लास पाऊण तासाचा, तेवढ्यात मी त्या इमारतीला फेऱ्या मारते. त्याच्या बाई खिडकीतून बघतात. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. लेकीनं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. सासूबाईंनी आधी, या वयात हे काय खूळ, म्हणून नाक मुरडलं आणि आता त्याच स्वयंपाकघरातला टायमर घेऊन दारात उभ्या असतात. दोन मिनिटं उशीर झाला की जाब विचारतात. तुझे भाऊजी तर इस्त्री शिकले. एकाही शर्टाला सरळ घडी पडत नाही, पण मी ब्र काढत नाही.

पोहायला शिकताना मात्र माझी पार दैना झाली. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. पहिले पंधरा दिवस मी तिचा हात असा पकडायचे की तिच्या मनगटावर बोटं उमटायची. पाणी नाकात, कानात, पोटात, सगळीकडे गेलं, फक्त मी पुढे जाईना. मग एका मंगळवारी कसं कोण जाणे, सुटले. चार हात मारले आणि अगं, पाण्यानं मला चक्क धरलं! मी तलावाच्या मधोमध एवढ्या मोठ्यांदा ओरडले की सुरक्षारक्षक शिट्टी वाजवत धावत आला. तुला लगेच फोन लावावा असं फार वाटलं. नाही लावला.

आता शर्यतीची फजिती ऐक. तळ्यातून मी शेवटून दुसरी बाहेर आले. धावत सायकलपाशी गेले आणि दोन्ही हात कोपरात वाकवून, वर धरून, निथळत उभी राहिले. अशीच. बावीस वर्षांची सवय, गं! ऑपरेशनआधी हात धुऊन ओले झाले की कोणीतरी निर्जंतुक टॉवेल देणार, मग गाऊन घालणार. माझ्या शेजारून बायका भराभर सायकली काढून निघाल्या आणि मी आपली हात वर करून वाट बघतेय. एका स्वयंसेवकानं शेवटी चक्कर येतेय का म्हणून विचारलं. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर. बूट घालायच्या आधी मी सामान मोजायला बसले. टोपी एक, चष्मा एक, मोजे... एक कमी! मोजणी जुळल्याशिवाय आम्ही पेशंटचं पोट शिवत नाही, तशी मी जागची हलेना. पालथं घातलं सगळं. मोजा माझ्या पायात होता. चार मिनिटं गेली आणि मी सरळ शेवटची आले. शेवटच्या वळणावर सासूबाई टायमर हलवत अशा ओरडत होत्या की लोक त्यांच्याकडेच बघत राहिले.

पण हात वर धरून उभी होते ना, तेव्हा मला थिएटर नव्हतं आठवलं. तू आठवलीस. शाळेच्या स्पर्धांत तू पाण्यात आणि मी काठावर टॉवेल घेऊन. तू बाहेर आलीस की हात पसरून अशीच उभी राहायचीस आणि मी तुला गुंडाळून घ्यायचे. तुझी पदकं सगळ्यांनी पाहिली, दात वाजायचे ते मी ऐकलं. दीड वर्षापूर्वी माझ्याच हॉस्पिटलमध्ये तुझं ऑपरेशन झालं, तेव्हा नातलग म्हणून मला आत घेतलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या दाराच्या बाहेर बसले होते. डॉक्टरांनी कॅन्सर काढला, त्याबरोबर तुझा डावा स्तनही गेला. तू बरी झालीस आणि मी आनंदानं वेडी झाले. पण तू पाण्याचं नाव टाकलंस.

आता खरं कारण सांगते. पोहलीस तर ऑपरेशननं आखडलेला हात मोकळा होईल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालीस, ताई, काठावर बसून सांगणं सोपं असतं. मी घरी येऊन खूप रडले, कारण तुझं बरोबर होतं. पुढच्याच सोमवारी तलावावर नाव घातलं. तेव्हापासून रोज सकाळी मी त्या बायकांबरोबर कपडे बदलते. कोणाच्या पोटावर टाके, कोणाच्या गुडघ्यांवर, एकीच्या पाठीवर भाजल्याचा डाग. माझ्याशिवाय कोणी बघत नाही आणि मीही फक्त शिवण कशी घातलीय तेवढं बघते. पुढच्या वर्षीच्या शर्यतीचं मला सोयरसुतक नाही. सोबत तुझा तलावाचा पास आहे, फोटो कॉलेजातला लावलाय, ओरडू नकोस. शनिवारी सकाळी सहा वाजता, तलावातली चौथी लेन. भीती वाटली तर माझं मनगट धर, हवी तेवढी बोटं उमटव. टॉवेल धरायला सासूबाई तयार आहेत. मला तू पाण्यात हवी आहेस.

तुझीच,
ओल्या केसांची ताई