केसांचा धूर

बोसोंग, २ ऑक्टोबर

दादास,

तुम्ही सगळे बरे असाल. अंगणातले पर्सिमन पिकलेत. यंदा तुला सोल शहरी फळांची पेटी पाठवणार नाही.

आई ठीक आहे. जेवते, मिरच्या वाळत घालते, शेजारणीची टर उडवते. तुला हे ऐकायचं नसेल, कारण वहिनींच्या मते ती वेडी झाली आहे.

छुसोकच्या सणाच्या जेवणात वहिनी मला सगळ्यांदेखत गुरोंगी म्हणाल्या. नवऱ्याला सोडून आले ती घर गिळायलाच, आईला विळखा घालून बसलेय, असं त्यांचं म्हणणं. तू माशाचे काटे काढत होतास. नंतर आई मला लसूण सोलता सोलता म्हणाली, "म्हणू दे. गुरोंगी घर सोडून जात नाही. माणसं जातात."

दुसऱ्या दिवशी खरीच गुरोंगी निघाली, सोयाच्या रांजणांमागून, मनगटाएवढी जाड. घराची राखणदार नागीण बाहेर पडली की घराचं दैव जातं, आणि केस जळल्याच्या वासाने ती आत परतते, हे तुला सांगायला लागू नये. आईने कात्रीने आपली बट कापली, निखाऱ्यावर टाकली. गुरोंगी परतली. वहिनींना दिसली ती फक्त केस जाळणारी म्हातारी.

"डोकं फिरलंय यांचं. आता वृद्धाश्रमच."

तू मान डोलावलीस. सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी आली. मी फाटक उघडलं नाही.

वहिनी शहरातल्या, त्यांना ठाऊक नसेल. पण बाबा गेले त्या वर्षीही गुरोंगी निघाली होती, आणि आईने केस कापले होते ते तुझे. घर थोरल्याचं, म्हणून केसही त्याचेच. तू कितीतरी दिवस टोपी घालून शाळेत गेलास. एक शब्द बोलला असतास तर पुरे होता. पण आई वेडी ठरल्याशिवाय घर विकता येत नाही.

काल आईने विचारलं, "त्याने बायकोला सांगितलं नाही का गं?"

सांगितलं, म्हणाले मी. वहिनींनीच ऐकलं नाही. खोटं बोलले ते तुझी अब्रू राखायला नव्हे. तिला रात्री झोप लागावी म्हणून.

बाबांच्या श्राद्धाला यायचं तर वहिनींना घेऊन ये, आणि आईसमोर त्यांना खरं सांग. ते जमणार नसेल तर येऊ नकोस. थोरल्या मुलाने वाहायचा मद्याचा पहिला पेला मी वाहीन. गावाने काय म्हणायचं ते म्हणावं.

आईची मुलगी,
हेरान