साळिंदरांवरचा आळ

प्रिय भिंगरी,

काल तुझे साहेब घरी येऊन गेले. सहलीला आलेल्या कुणीतरी कळलावीचा कंद चावला, दवाखान्यात जाऊन वाचला, आणि ओढ्याकाठची सगळी कळलावी उपटा म्हणून लोक हटून बसले, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. नोकरीला जेमतेम आठ महिने झालेली माझी वनरक्षक लेक भरसभेत उभी राहिली म्हणे. "जंगल हे कळलावीचं घर आहे. पाहुणे आपण आहोत." एवढं बोलून तू स्वतः पाट्या ठोकल्यास: विषारी आहे, बघा, हात लावू नका. साहेब गेल्यावर मी शेजारच्या वकिलांना हे सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. अभिमानाने फुगलेली माझी छाती अजून खाली बसलेली नाही.

आता माझं ऐक. तू पाच वर्षांची असताना, मी तिथे वनरक्षक होतो तेव्हा, एकदा तुला कामावर सोबत नेलं होतं. टेकडीचा उतार कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांनी पेटला होता. ती तुला कौतुकाने दाखवली, पण विषारी आहेत हे सांगायचं राहिलं. मी वळलो तोवर तू रताळं समजून कंद चावलास. तीन दिवस तू दवाखान्यात होतीस आणि तुझ्या आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तू घरी आलीस त्याच दिवशी मी कुदळ घेऊन गेलो आणि तो उतार साफ केला. चूक माझी होती आणि राग झाडांवर काढला. वर खात्याच्या नोंदवहीत लिहिलं, कंद साळिंदरांनी उकरले. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता, त्यामुळे ते खपलं.

एक कंद मात्र पिशवीत राहिला. तो टाकवेना. मागच्या अंगणात जाळीआड फुटक्या बादलीतलं जे झाड मी 'औषधाचं' म्हणायचो ना, ते हेच. तुझी आई त्याला माझी दुसरी बायको म्हणते, आणि पाणीही तीच घालते.

बादलीत आता अकरा कंद झालेत. तो उतार अजून उघडा आहे, आणि तो भाग आता तुझ्याकडे आहे. रानात काही लावायचं तर वनरक्षकाला विचारावं लागतं, हे मीच तुला शिकवलं, म्हणून हा अर्ज. आधी नोंदवहीत साळिंदरांच्या जागी माझं नाव लिही. मग परवानगी दिलीस तर तीच कुदळ घेऊन येतो. नाही दिलीस तरी वकिलांना सांगेन, माझी लेक बापालाही सोडत नाही.

तुझाच अर्जदार,
बाबा