दगडापुढे धावणारी

प्रिय सिग्नी,

आज सकाळी आपल्या जुन्या कर्लिंगच्या हॉलमध्ये एकटीच होते. बर्फावर पाण्याचे बारीक थेंब नुकतेच शिंपडले होते आणि सगळीकडे धूसर वाफ तरंगत होती. मी खेळातला एक जड, गुळगुळीत दगड बर्फावरून समोरच्या वर्तुळाकडे हलकेच सोडला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. तो घुमणारा आवाज, लांब जात जात मऊ होणारा... वाटलं, आपण अजून विशीतच आहोत आणि तू ब्रशनं बर्फ घासत त्याच्यापुढे धावते आहेस.

राष्ट्रीय अंतिम सामन्यातला माझा शेवटचा दगड आठवतो? हातातून सुटतानाच कळलं होतं, जोर कमी पडला. मी ओरडले, "सिग्नी, घास!" तर तू म्हणालीस, "बोंबलू नकोस गं, दिसतंय मला!" आणि बर्फ घासून असा गुळगुळीत करत गेलीस, की थांबायला आलेला तो दगड सरकत सरकत वर्तुळाच्या मध्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत चषक हातात घेतलेली मी. तू कोपऱ्यात, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारी.

पुढे मी प्रशिक्षक म्हणून देशोदेशी फिरले. माझ्या पोरी पदकं घेऊन आल्या. प्रत्येक नव्या संघाला मी तुझी गोष्ट सांगते. आता तर त्या चिडवतात, "कोच, ही सिग्नी खरंच होती, का तुम्हीच रचलीत?"

परवा लॉर्न दुकानात भेटला. म्हणाला, "धान्याच्या कोठीवरून पडून पाय गेल्यापासून सिग्नी खिडकीकडे पाठ करून बसते. चाकांची खुर्ची ढकलत बाहेर न्यायला गेलो, तर चाकं धरून ठेवते." तुझा नवरा इतका हळू बोलतो, हे मला माहीतच नव्हतं. मी त्याच्याकडे निरोप दिला, तर तुझं उत्तर आलं, "स्तेफाला सांग, सिग्नी मेली." मी आधी हसले, मग गाडीत बसून खूप रडले. मेलेली माणसं असे तिखट निरोप पाठवत नाहीत, बाई.

आता लिहिण्याचं कारण. या हिवाळ्यात मी चाकांच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांचा संघ घेतलाय. खुर्ची बर्फावर रोखून ठेवायची आणि लांब काठीनं दगड ढकलायचा. पुढे घासणारं कुणी नसतं. एकदा सुटला, की सुटला. म्हणून सोडण्याआधीच बर्फ ओळखणारा कर्णधार लागतो, आणि नेमका तोच माझ्याकडे नाही. आयुष्यभर मान खाली घालून बर्फ वाचलास तू. नाव मात्र माझं झालं. शनिवारी लॉर्नबरोबर ये. दया म्हणून बोलावत नाहीये. मार्चमध्ये मॅनिटोबा प्रांताची स्पर्धा आहे आणि मला ती जिंकायची आहे. शिव्या घालायच्या असतील तर इथे येऊन, समोरासमोर घाल.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
स्तेफा