उडीखालची गादी

फ्रिस्को, टेक्सस
१५ सप्टेंबर

ती. प्रतिमाताईस,
सा. न. वि. वि.

आधी गादी घाला आणि मग काय त्या उड्या मारा, असं आई म्हणाली होती. तुला आठवतं का? नागपूरच्या गच्चीवर आपण दोघी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभ्या होतो, तू पुढे आणि मी तुझा फ्रॉक धरून मागे. आई वाळवणं काढायला वर आली, तिने आपल्याला पाहिलं आणि ओरडली नाही. एवढंच म्हणाली आणि रात्री झोपायच्या गाद्या कट्ट्याखाली पसरायला लागली. हल्ली गाडी चालवताना, भांडी लावताना मला ते वाक्य ऐकू येतं, आणि त्यामागे तुझं गाणं, उड्या मारून दमल्यावर आडवं पडून म्हणायचीस ते.

कारण अनिका. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष, आणि तिला कॉलेजात म्युझिकल थिएटरच शिकायचं आहे. गाणं, नाच, अभिनय, तिन्ही एका दमात. नावाजलेली कॉलेजं शेकडो मुलांच्या ऑडिशन घेतात आणि मूठभर निवडतात. शैलेंद्र म्हणतो, कर, माझी ना नाही, पण दोन सेफ्टी स्कूल ठेव; म्हणजे सगळीकडून नकार आला तरी जिथे जागा नक्की मिळेल अशी कॉलेजं. त्याने ती निवडलीसुद्धा. दोन्ही इथलीच मोठी विद्यापीठं, तिथेही हा कोर्स आहे आणि तिचे मार्क बघून डोळे मिटून घेतील म्हणतो.

अनिकाचं म्हणणं, सेफ्टी म्हणजे मी पडणार हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं. परवा जेवताना तिने विचारलं की बाबा, तू लग्न करताना सेफ्टी बायको ठेवली होतीस का. त्याचा घास अडकला. मी हसले खरी, पण त्याने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला.

तू समजाव तिला. आपल्या घरात गाणं तुझंच. ऑपरेशननंतर तुला फोनवर बोलवत नाही आणि मेसेजवर तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. घशाचं डॉक्टर आता काय म्हणतात तेही लिही, अंगठा नको.

भाऊजींना नमस्कार. तिकडच्या येत्या थंडीत माझ्यावरची माया गारठू देऊ नकोस.

तुझी,
दीपा

*

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भाऊजींनी ते माझ्याआधी वाचलं आणि सेफ्टी बायकोवर दिवसभर हसत होते. मग त्यांना मी विचारलं की तुमचं उत्तर काय, तर कचरा बाहेर ठेवायला निघून गेले.

घशाचं नवीन काही नाही. गाठ गेली, आवाजही तिच्याबरोबर गेला, उरली आहे कुजबुज. फार्मसीत आता मला मागच्या बाजूला ठेवलं आहे. गोळ्यांशी बोलावं लागत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

आता शैलेंद्रला सांग, रागावू नको म्हणावं, पण त्याने घातली आहे ती गादी नव्हेच. माझ्याबरोबर काम करणाऱ्या रीमाचा मुलगा अनीश असाच अडकला. मार्क इतके चांगले की विद्यापीठाने लगेच हो म्हटलं, पण गाण्याच्या विभागाने ऑडिशन घेऊन नाही म्हटलं. त्या दोन वेगळ्या परवानग्या असतात हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. आपल्या लोकांना वाटतं मार्क आहेत म्हणजे सगळं आहे. तो बिचारा वर्षभर त्याच इमारतीत स्टॅटिस्टिक्स शिकत राहिला आणि भिंतीपलीकडून इतरांच्या तालमी ऐकत राहिला, मग परत आला. तेव्हा जिथे ऑडिशन आहे ते कॉलेज मार्क कितीही असले तरी सेफ्टी नाही. तो आणखी एक कट्टाच आहे.

आणि दुसरं. आई घालायची त्या गाद्या झोपायच्या होत्या. उड्या झाल्या की रात्र तिथेच काढायची असायची, म्हणून ती मऊ बाजू वर आहे ना ते हात फिरवून बघायची. अनिकाला चार वर्षं काढायची आहेत. जिथे पडली तर अंग आखडून राहील अशी जागा काय कामाची?

मला फार्मसीला घातलं ते गादी म्हणून नव्हतं, मी कट्ट्यावर चढूच नये म्हणून होतं. त्याबद्दल माझा रुसवा नाही, पोट त्यावरच भरलं. पण फरक मला कळतो, म्हणून लिहिते.

आमच्याकडून जवळच एक छोटं कॉलेज आहे. तिथे नाटक शिकवतात, गाणं शिकवतात आणि ऑडिशन न घेता प्रवेश देतात. अनिकाला हवं असेल तर मी जाऊन बघीन.

सर्वांना आशीर्वाद. आठवण काढत जा, मला उचक्या अजून लागतात.

तुझी,
ताई

*

फ्रिस्को
७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शैलेंद्रला तुझं पटलं नव्हतं. त्याने विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं म्हणे की मुलीचे मार्क सुंदर आहेत, आणि या कोर्ससाठी त्यांचा उपयोग नाही. फोन ठेवून तो गॅरेजमध्ये जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला की आयुष्यभर ज्या नाण्यावर सगळं घेतलं, ते या दुकानात चालतच नाही.

गॅरेजमध्येच अनिकाचे व्हिडिओ झाले. आता प्रत्यक्ष ऑडिशनच्या आधीही व्हिडिओ पाठवून एक चाळणी पार करावी लागते. गाड्या रस्त्यावर काढल्या, भिंतींना रजया लावल्या आणि शैलेंद्र फोन धरून उभा. ती गायला लागली की नेमका शेजारच्यांचा पानं उडवायचा पंखा सुरू. शेवटी मी जाऊन त्यांना लाडू दिले, मग बंद झाला. अर्ध्या कॉलेजांनी त्या व्हिडिओवरच नको म्हटलं आहे. उरलेल्यांच्या ऑडिशन शिकागोला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

कट्ट्याची गोष्ट अनिकाला सांगितली. ती हसली, तुला आणि मावशीला टाकीवर कल्पूनच बघते आहे म्हणाली. पण तुझ्या छोट्या कॉलेजबद्दल तिचं एकच, जे सगळ्यांनाच घेतात त्यांनी मला घेतलं तर त्यात माझं काय. तिने अर्ज केलेला नाही, आणि मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर संपते. ताई, मला भीती वाटते ती नकारांची नाही. सगळे नकार आले, त्या दिवशी तिच्याकडे मनापासून जावंसं वाटेल असं एकही ठिकाण नसेल, याची वाटते. सकाळी ती शाळेच्या बसकडे चालत जाते, ओठ हलत असतात, आणि मला वाटतं ती जमिनीवर नाहीच, अजून कट्ट्याच्या कडेवर आहे.

जाऊन ये ना तिथे. आणि कळवायचं ते तिलाच कळव. ती आमचं ऐकत नाही, तुझी कुजबुज मात्र कान देऊन ऐकते.

तुझ्या मायेच्या उबेत,
दीपा

*

पिस्कॅटवे
२६ जानेवारी

चि. अनिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सावकाश लिहिते, तू सावकाश वाच. अडलं तर आईला विचार, पण सगळं तिला वाचू देऊ नकोस.

काल तुझे काका मला त्या कॉलेजात सोडून गेले. रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि सगळीकडे असं शांत होतं की माझी कुजबुजसुद्धा मोठी वाटावी. त्यांचं थिएटर म्हणजे जुनी व्यायामशाळा आहे. रंगमंचाच्या लाकडावर बास्केटबॉलच्या रेघा अजून दिसतात. मुलं गाताना त्या रेघांवरून नकळत चालतात, जणू लहानपणचा खेळ आठवतो आहे.

तालीम चालू होती. एक मुलगी शिडीवर चढून प्लायवूडवर चंद्र रंगवत होती. मध्येच तिचा प्रवेश आला, तशी हातात ब्रश घेऊनच ती खाली उतरली, गायली, आणि परत वर गेली. इथे सगळ्यांनाच सगळं करावं लागतं. जो गातो तोच खिळे ठोकतो. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही भूमिका मिळतात, मोठ्या कॉलेजात त्यासाठी कित्येकदा दोन वर्षं वाट बघावी लागते असं रीमाचा अनीश सांगत होता.

त्यांच्या शिक्षिका माझ्याकडे आल्या आणि कोणाची आई म्हणून विचारलं. मी मावशी आहे असं सांगितलं. माझा आवाज ऐकला की लोक एकतर मोठ्यांदा बोलायला लागतात, जणू मी बहिरी आहे, नाहीतर घाई करून निघून जातात. या बाईंनी खुर्ची ओढली, जवळ बसल्या आणि माझ्याइतक्याच हळू बोलायला लागल्या. मी त्यांना स्पष्टच विचारलं की तुम्ही न ऐकताच कसं घेता. त्यावर त्या म्हणाल्या की दीड मिनिटाच्या गाण्यात सतरा वर्षांचं माणूस कळतं यावर त्यांचा विश्वास नाही. त्या आधी घेतात, आणि मग चार वर्षं ऐकतात.

अनिका, न ऐकता घेतलं म्हणजे तुझी किंमत नाही, असं तुला वाटतं. मला काल उलट वाटलं. आपल्याला काय येतं हे सिद्ध करायच्या आधीच कोणी जवळ खुर्ची ओढून बसावं, हे माझ्या वाट्याला फार दिवसांनी आलं.

मग मुलं माइकशिवाय गायला लागली. मी डोळे मिटले. काही वेळाने लक्षात आलं की माझा गळा आतल्या आत हलतो आहे. आवाज अर्थातच नव्हता. निघाले तेव्हा तो चंद्र अजून ओला होता.

शिकागोला जा आणि जोरात उडी मार. मी गादीवर हात फिरवून बघितला आहे, मऊ आहे. झोपायचं की नाही ते तूच ठरव.

आशीर्वाद तर आहेतच. पत्र पाठव, चुका चालतील.

तुझी,
मावशी

*

फ्रिस्को
११ एप्रिल

ती. मावशीला,
साष्टांग नमस्कार. (हे आईने सांगितलं. बाकी पत्र तिला दाखवलं नाही.)

रविवारच्या मराठी शाळेनंतर मी एवढं मराठी कधीच लिहिलं नव्हतं. हात दुखतोय, पण तू पत्राने बोलतेस म्हणून मी पण.

शिकागो खूप वीअर्ड होतं, आणि ब्युटिफुल पण. ऑडिशन एका हॉटेलमध्ये होत्या. लांब लांब कॉरिडॉर आणि प्रत्येक बंद दारामागे कोणीतरी गात होतं. मी चालत होते आणि गाणी बदलत होती, जसं आपण दुसऱ्यांच्या स्वप्नांमधून चालतोय. कार्पेट एवढं जाड होतं की पायांचा आवाजच नाही. मला वाटलं मी नाहीच आहे इथे.

माझा नंबर आला. मी छान गायले, खरंच. एक जण सॅलड खात होता, तो थँक यू म्हणाला. बाहेर एक मुलगी रडत होती. मला काय बोलायचं कळेना, म्हणून मी तिच्या शेजारी बसून गच्चीवरचं गाणं गुणगुणलं, जे तू मला लहानपणी झोपवताना म्हणायचीस. तिने विचारलं हे कोणत्या शोमधलं आहे. मी म्हणाले, माझ्या मावशीच्या. त्याच रात्री आई झोपल्यावर मी तुझ्या कॉलेजला अर्ज केला. तुला खूश करायला नाही हं. मला तो चंद्र वाळायच्या आत बघायचा होता.

आता रिझल्ट. सगळ्यांनी नाही म्हटलं. एकाने वेटलिस्टवर ठेवलं. बाबाच्या दोन्ही विद्यापीठांनी अगदी तू सांगितलंस तसंच केलं, मला हो आणि कोर्सला नाही. शेवटचा ईमेल आला तेव्हा मी टारगेट दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत होते. घरी मेसेज केला आणि तिथेच रडले, एका काकूंनी काच वाजवून विचारलं की मी ओके आहे का.

घरी आले तर बाबा जिन्यावरून गेस्ट रूमची गादी खाली ओढत होता. आईने त्याला विचारलं की हे काय चाललंय, तर म्हणाला, तुमच्या घरची पद्धत आहे ना. लिव्हिंग रूमच्या मध्येच टाकली. मग आम्ही तिघं तिच्यावर आडवे पडून पंख्याकडे बघत राहिलो. बाबा घोरायला लागला तेव्हा आई आणि मी एवढ्या हसलो की तो उठला.

तुझ्या कॉलेजने मार्चमध्येच हो म्हटलं होतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते मोजायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी गादीवर सांगितलं. आणि काल मी वेटलिस्टवरून माझं नाव काढायला सांगितलं. बाबा दोन ग्लास पाणी प्यायला, पण त्याने अडवलं नाही. मला आधी ऐकून मग विचार करणाऱ्यांची वाट बघायची नाहीये. मला त्या रेघांवरून चालायचंय.

पुढच्या शुक्रवारी मी आणि आई तुमच्याकडे येतोय. काकांना सांग की मला त्यांच्या हातचा चहा हवा, आईच्या चहात आलं जास्त असतं.

माया अशीच राहू दे, पुढची चार वर्षं तर मी जवळच असणार, तुला कंटाळा येईल एवढी.

तुझी,
अनिका

ता. क. शनिवारी संध्याकाळी कॉलेजमध्ये नवीन मुलांचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाने घरातलं एक माणूस बरोबर घेऊन स्टेजवर यायचं आणि दोघांनी मिळून काहीतरी म्हणायचं. आई म्हणते मलाच घे, ताई कधीच हो म्हणणार नाही. मला पण माहीत आहे तू नाही म्हणशील. तू मान हलवशील आणि स्वयंपाकघरात निघून जाशील. तरी विचारते. गच्चीवरचं गाणं, माइकशिवाय, मी अगदी तुझ्याएवढ्या हळू आवाजात गाईन. माझ्याबरोबर म्हणशील का?