शेंडा अजून हिरवा

मंगळवार, ३ मार्च

कालच्या नोंदीत एक चूक आहे. भुंग्यांच्या सापळ्यातली गंधाची पुडी दोन्ही हातांत मोजे घालून बांधली, असं मी लिहिलं. उजवा मोजा फाटला होता. पुडी त्या उघड्या हातानेच बांधली. नंतर साबणाने हात धुतला. नोंद खोटी असली की पुढचं सगळं खोटं, असं बाबा म्हणतात.

बाकी सगळं छान. नारळाची एवढी मोठी बाग मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मालकांच्या घरातल्या माझ्या खिडकीतून थेट दिसते. माझं काम सोंड्या भुंग्याचं. पुडीच्या वासाने तो सापळ्यात यावा, नाहीतर खोडात अंडी घालतो. अळ्या आतून गाभा खातात, शेंडा मात्र हिरवागार राहतो. म्हणून बाबांनी लहानपणीच मला खोडाला कान लावून कुरतडणं ऐकायला शिकवलं. घर सांभाळणाऱ्या मावशींनी मला तसं पाहिलं आणि विचारलं, झाडं कुणाची चुगली करतायत, माझी? संध्याकाळी त्यांची पाठ धरली होती. मी तेल चोळून दिलं.

सोमवार, ९ मार्च

सापळा रिकामा. भुंगे मावशींच्या दारावर. मावशी म्हणाल्या, या वयात माझ्या दाराशी रांग लागली तर तुला का पोटशूळ?

तेल मी उजव्या हाताने चोळलं होतं.

रविवार, १५ मार्च

मावशींच्या उशीवर तपकिरी, चिकट, आंबूस डाग. पोखरलेल्या खोडातून गळतं तसंच. पाठ आता दुखत नाही म्हणाल्या, नुसतं हलकं वाटतं. तेल लावायचं निमित्त केलं आणि पाठीला कान लावला. तो आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही.

मालकांना सांगितलं. ते हसले, मावशींचे गाल बघ म्हणाले, किती टवटवीत.

शुक्रवार, २० मार्च

डॉक्टर येऊन गेले. नाडी उत्तम म्हणे. बाबांना फोन केला, झाडाचं आहे असंच सांगितलं. आवाज येत असेल तर उशीर झाला, म्हणाले. तोडायचं, जाळायचं. दुसरा उपाय नाही.

जेवण वाढताना मावशींची मान कलती होती —

सोमवार, २३ मार्च

मावशी ओट्यापाशी. हसत काहीतरी सांगत होत्या. डोकं एका बाजूला झुकलं, मान मोडली, आणि — आत काही उरलंच नव्हतं. ओला भुसा —

मंगळवार, २४ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा कानाशी धरून पाहिला. दुखत नाही. हलका आहे.

नोंद खरी असावी म्हणून: सकाळी आवाज मनगटात होता. आता कोपराच्या वर.

दाराच्या फटीतून भुंगे —

गुरुवारी, २६ मार्चला, माळी किडकी खोडं जाळायला खड्डा पेटवणार आहेत. कुऱ्हाड खाटेखाली आणून ठेवली. तोवर आवाज खांद्याच्या खालीच राहिला तर —