आईच्या वजनाचं छप्पर

२३ मार्च, रविवार
आई आज पुन्हा समोरच्या शांताकाकूंच्या दारात. हातात पापडांचं ताट, गच्चीच्या किल्लीची वाट बघत. दहा मिनिटं. मी फाटकातून मोजली.

आमचं घर कौलारू, वाळवणाला जागा नाही. म्हणून तर परसातली अवजारांची खोली मी स्वतः बांधली आणि छप्पर मुद्दाम सपाट ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात आई वर चढली आणि ते तिच्या पायाखाली वाकलं. सांडग्यांचं ताट घसरून थेट कढीपत्त्यात. त्यानंतर ती चढलेली नाही. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं.

२४ मार्च
खोलीत आतून, भिंत ते भिंत, दोरा ताणला. कडेला दोरा आणि वासा यांत आठ सें.मी. अंतर. मधोमध पाच. म्हणजे वर काही नसतानाही छप्पर तीन सें.मी. बसलंय. तीनदा मोजलं.
अप्पा दारातून : "तुझ्या दहावीच्या गणितासारखं. पेपर पूर्ण, उत्तर चूक."

२६ मार्च
बसण्णा सुतार येऊन गेले. लाकडाला हात लावला नाही. "पट्टी आण." शाळेची पट्टी कंपासपेटीतून काढून दिली. दोन टोकं धरून ती आडवी दाबली : वाकली. मग कडेवर उभी करून दाबली : हलेना.
"तम्मा," कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, "तू वासे झोपवलेस. झोपलेला माणूस ओझं उचलतो का?"
सातही वासे मी चपटे टाकलेत. रुंद बाजूवर फळ्या छान बसतात म्हणून. खिळे मारताना किती खूश होतो.

३० मार्च, पाडवा
अप्पा म्हणाले, सणाला हातोडा नको. पेन्सिलीनं खुणा करून घेतल्या. पेन्सिल म्हणजे हातोडा नव्हे.

२ एप्रिल
अळणावरहून मत्तीच्या लाकडाचे सात वासे आले. जड, लालसर, सरळ. रिक्षाचा जॅक मागून आणला. जॅकनं छप्पर हळूहळू वर, मग प्रत्येक जुन्या वाशाला चिकटवून नवा, कडेवर उभा, आरपार बोल्ट. बसण्णा बोल्ट आवळायचे, मी पुन्हा आवळायचो. "माझ्यावर विश्वास नाही काय?" माझा माझ्यावर नाही, म्हणालो. हसले.

४ एप्रिल
सातही झाले. जॅक काढला. बसण्णा चहा पीत बसले, मी पट्टी घेऊन आत. दोरा : मधोमध आठ. पूर्ण आठ!
वाळूची सहा पोती वर चढवली. सकाळपर्यंत राहू देत.

५ एप्रिल
पोत्यांखाली साडेसात. तीनदा. चौथ्यांदा अप्पांनी मोजलं. पट्टी पुसून पेटीत ठेवली. अप्पांनी!
पोती उतरवून आईला सांगितलं. "असू दे रे. काकूंची गच्ची आहे की." डोळे वर केले नाहीत. सहा पोती आईच्या चौपट-पाचपट आहेत. तिला कसं सांगू.

६ एप्रिल, रविवार
सकाळी अप्पा लुंगी खोचून शिडी चढले. दुखऱ्या गुडघ्यांसकट. मी खाली शिडी धरून. मधोमध उभे राहून दोनदा पाय आपटले, मग आमच्या सगळ्या मळमड्डीला ऐकू जाईल असं : "अगं, ये वर! पोरानं बांधलंय!"
आई आली. पिठाचं पातेलं कडेवर. आधी एक पाय, मग थांबली, मग दुसरा. जुनं लुगडं पसरलं, बसली, ओल्या हातानं पहिला सांडगा टाकला. मग सटासट.
शांताकाकू त्यांच्या गच्चीवरून : "बीळतदेनs? पडेल बिडेल!"
आई : "तूच येऊन बघ की. किल्ली लागत नाही."
काकू खरंच आल्या. शिडी करकरली, छप्पर नाही. दोघी मांडी घालून बसल्या, त्यांत अप्पा उभे. मी आत, दोऱ्याखाली, पट्टी काढून तयार. वरून हसण्याचे आवाज. माझ्या डोक्यावर माझं छप्पर हसतंय असं वाटलं.
आई : "खाली काय करतोस रे? हात धू आणि वर ये."
चौघं. चौघांचं मोजलेलं नाही. वाळू हलत नाही, माणसं हलतात.
पट्टी खिळ्याला अडकवली. हात धुतले. शिडी चढलो.
संध्याकाळचे पाच वाजले. सांडगे अर्धे वाळलेत. दोरा अजून बघितलेला नाही.